चाकांना फुटलेली शिंगं

रामायण नेमकं कशामुळे घडलं, यावर कीर्तनकारांचं एकमत नाही. कोणी मंथरेवर ढकलतं, कोणी श्रावणबाळाच्या आईबापांनी दिलेल्या शापावर. माझ्या मते रामायण घडलं ते रथाच्या आसाची खीळ निसटल्यामुळे. वाल्मीकींकडे ही गोष्ट नाही. त्यांच्या कैकेयीने घायाळ दशरथाला रणांगणातून बाहेर काढलं, एवढंच. पण अध्यात्म रामायणात ती आहे, आणि तिथून ती गावोगावच्या बुवांच्या तोंडी आली. ऐन लढाईत खीळ गेली, चाक निसटणार तोच कैकेयीने त्या जागी आपला हात घातला, राजा प्रसन्न झाला, दोन वर देऊन बसला. पुढचं आपल्याला पाठ आहे. निघण्यापूर्वी सारथ्याने चाकांभोवती एक फेरी मारली असती, तर वनवास नव्हता, सीताहरण नव्हतं आणि लंका शाबूत राहिली असती. त्या रथावर ध्वज असणार, घंटा असणार, सोन्याचा पत्रा असणार. खीळ सोडून सगळं जागच्या जागी असणार.

हे डोक्यात यायचं कारण म्हणजे अमेरिकेतले ट्रक.

मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला गेलेले मराठी आईवडील पहिल्या पंधरवड्यात बऱ्याच गोष्टींना दचकतात. त्यांत वरचा नंबर ट्रकच्या चाकांचा लागायला हरकत नाही. हायवेवर शेजारच्या लेनमध्ये अठरा चाकांचा ट्रक येतो. ड्रायव्हर दिसत नाही, तो दुसऱ्या मजल्यावर बसलेला असतो. मागच्या सीटवरून काचेबाहेर पाहिलं तर बरोबर डोळ्यांसमोर येतं ते ट्रकचं पुढचं चाक, आणि त्या चाकाच्या प्रत्येक नटावर एकेक चंदेरी, वीतभर लांब, टोकदार सुळा. असे दहा सुळे गरगर फिरत आपल्या दारावर रोखलेले.

“अरे, जरा लांबून घे रे!” आई सीटवर आतल्या बाजूला सरकत म्हणतात. “आणि हे असलं चालतं इथे? एरवी बेल्ट नाही लावला तर ओरडता सगळे!”

“हा तर ‘बेन-हर’मधला रथ आहे,” बाबा म्हणतात. १९५९च्या त्या सिनेमात खलनायक मेसालाच्या रथाच्या चाकांना दाते बसवलेले असतात आणि शर्यतीत शेजारच्या रथाचं चाक तो कुरतडून काढतो. बाबांनी तो तीन वेळा पाहिलेला असतो. ते आता मुलाला पूर्ण कथा सांगायच्या बेतात असतात.

“बाबा, प्लास्टिक आहे ते,” मुलगा रस्त्यावरची नजर न काढता म्हणतो.

गाडीत थोडा वेळ कोणी बोलत नाही. भीती गेलेली असते, पण तिच्या जागी आलेली भावना काही फार बरी नसते. सुळा खरा असता तर निदान परतल्यावर कट्ट्यावर सांगायला झालं असतं.

मुलगा खोटं बोलत नाही. हे सुळे म्हणजे नटावर बसवायची टोपणं. बहुतेक एबीएस नावाच्या कडक प्लास्टिकची, वरून क्रोमचा मुलामा दिलेली. काही नुसती दाबून बसतात, काही आट्यांवर फिरवून बसवतात. ॲल्युमिनियमची आणि पोलादाचीही मिळतात, पण महाग आणि वजनदार. आकारही हवे तेवढे: गोल, चपटे, मुकुटासारखे, बंदुकीच्या गोळीसारखे आणि हे भाल्याच्या टोकाचे. तिथल्या मोठ्या ट्रकच्या चाकाला बहुधा दहा नट असतात, प्रत्येक तेहतीस मिलिमीटरचा. चाकं अठरा असली तरी मागची जोडीजोडीने बसतात, म्हणून चाकं बसवायच्या जागा दहा आणि एकूण नट शंभर. अख्खा ट्रक सजवायचा तर शंभर टोपणं लागतात. म्हणजे एकावेळी शंभर नग घेणारं गिऱ्हाईक! असं गिऱ्हाईक मिळालं तर आपल्याकडचा दुकानदारसुद्धा चहा मागवील.

असा माल विकायला तिथे स्वतंत्र दुकानं आहेत, त्यांना ‘क्रोम शॉप’ म्हणतात. आयोवा राज्यात वॉलकॉट नावाच्या छोट्या गावापाशी, इंटरस्टेट ८० या महामार्गाला लागून, १९६४ सालापासून एक ट्रक-थांबा आहे. जगातला सर्वांत मोठा असं तो स्वतःबद्दल सांगतो. त्याच्या दुकानात दिवे, भोंगे, धुराच्या नळ्या, आरसे आणि नटांची टोपणं यांची दालनंच्या दालनं आहेत, आणि आत सजवलेले अख्खे ट्रक उभे करून ठेवले आहेत. सराफ कट्ट्यावरच्या पुरुषांची जी बाहेर उभं राहण्याची सवय आहे ती इथे उलटी होते. पुरुष आत, बायका बाहेर, घड्याळाकडे बघत.

आता या टोपणांचा उपयोग काय? विक्रेत्याला विचारलंत तर तो सांगेल की नट गंजत नाहीत. यात तथ्य आहे. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. ते मीठ आणि पाणी चाकांवर उडतं आणि नटांच्या आट्या गंजून बसतात. पुढे चाक काढायची वेळ आली की नट हलत नाही आणि मेकॅनिकच्या तोंडून जी भाषा येते ती इथे लिहिता येत नाही. टोपण घातलेला नट स्वच्छ राहतो. सगळं खरं. पण मीठ अडवायला बोटाच्या पेराएवढं चपटं टोपण पुरतं. उरलेल्या वीतभर सुळ्याला मीठ अडवायचं काहीही काम नाही.

त्या वीतभराचं कारण हौस. लग्नात नवरदेवाच्या हातात कट्यार असते आणि तिच्या टोकाला लिंबू खोचलेलं असतं. ती घेऊन तो कोणावर धावून जाईल असं वरमाईलाही वाटत नाही. ट्रकचा सुळा त्याच जातीचा. तो बाळगणारा माणूस बहुतेक वेळा ट्रकचा मालक असतो, म्हणजे स्वतःच मालक, स्वतःच ड्रायव्हर. कंपनीच्या ताफ्यातले ट्रक पाहा, पांढरे, गुळगुळीत आणि हिशेबी. त्यांच्या चाकांवर सुळे नसतात, असलं तर सपाट झाकण असतं, कारण वारा चाकात शिरला नाही की डिझेल वाचतं आणि वाचलेलं डिझेल मुख्य कार्यालयातल्या तक्त्यावर दिसतं. सुळा कुठल्याच तक्त्यावर दिसत नाही. तो दिसतो पीटरबिल्ट ३७९ किंवा केनवर्थ डब्ल्यू ९०० अशा लांब नाकाच्या जुन्या घराण्यातल्या ट्रकवर, ज्याचे हप्ते ड्रायव्हर स्वतः भरतो आणि आठवड्याचे सहा दिवस ज्यात झोपतो. घराला तोरण लावायचं नाही असं त्याला कोणी सांगू नये.

ही हौस काही अमेरिकेची मक्तेदारी नाही. जपानमध्ये दिव्यांनी आणि क्रोमने मढवलेल्या ट्रकांना ‘देकोतोरा’ म्हणतात. १९७५ ते १९७९ या काळात ‘तोराक्कू यारो’ या मालिकेचे दहा सिनेमे तिथे आले आणि ही लाट उसळली. आपल्याकडे तर विचारूच नका. मागे काळी चप्पल, पुढे लिंबू-मिरची, हबला रंगीत गोंडे, दारावर गरुड, आणि मागच्या फळीवर एक विनंती, जी महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०१५मध्ये बंद केली: ‘हॉर्न ओके प्लीज’. बंद झाल्याचं हॉर्नना अजून कळवलेलं नाही.

चाकाला धार लावायची कल्पनाही जुनीच. इराणी राजांच्या रथांच्या चाकांना कोयते बसवलेले असत. इसवी सनापूर्वी ४०१मध्ये कुनाक्साच्या लढाईत असे रथ ग्रीकांवर सोडले गेले. झेनोफन तिथे हजर होता आणि त्याने लिहून ठेवलंय ते वाचून कोयतेवाल्यांची कीवच येते. सारथी उड्या मारून पळाले, रथ मोकाट सुटले, काही तर आपल्याच सैन्यात घुसले, आणि रथ आले की ग्रीक लोक बाजूला सरत होते. सत्तर वर्षांनी, ३३१मध्ये, गौगामेलाला तिसऱ्या दारयसने सिकंदरावर पुन्हा तेच अस्त्र काढलं. सिकंदराच्या सैनिकांनी रांगा उघडून रथांना वाट करून दिली. आपल्या मगधाच्या अजातशत्रूनेही लिच्छवींविरुद्ध ‘रथमुसळ’ वापरलं अशी नोंद जैन ग्रंथांत आहे. रथाला मुसळ बांधायचं आणि गर्दीत हाकायचं. शास्त्र आणि स्वयंपाकघर यांचा इतका थेट संबंध नंतर फारसा आला नाही. तेव्हा चाकाच्या टोकदार वस्तूपासून वाचण्याचा उपाय अडीच हजार वर्षं एकच आहे. आईंनी सांगितलेला. जरा लांबून घे रे.

लांबून न घेतल्यास काय? मागच्या जोडचाकांची तबकडी आत दबलेली असते, तिथले सुळे बरेचसे खोबणीतच राहतात. पुढच्या चाकाची तबकडी मात्र बाहेर फुगलेली, म्हणून आपल्याला घाबरवण्याचं कंत्राट पुढच्या चाकाकडे. तरीसुद्धा ट्रकचे आरसे त्या सुळ्यांच्याही बाहेर असतात. अमेरिकेत महामार्गावरच्या ट्रकची रुंदी १०२ इंचांपर्यंत, म्हणजे साधारण २.६ मीटर, असू शकते. सुळा तुमच्या दाराला लागला असेल तर त्याआधी तुम्ही ट्रकच्या इतके जवळ गेलेले असता की प्लास्टिक हा त्या क्षणी तुमच्या चिंतेचा विषय नसावा. प्लास्टिक तुटेल, दारावर ओरखडा येईल. त्याच्या मागोमाग जे टायर येईल ते ओरखड्यावर थांबणार नाही.

पण गाडीत बसलेल्या माणसाचं एक, आणि सायकलवाल्याचं, पायी चालणाऱ्याचं निराळं. त्याच्या पोटरीला प्लास्टिकचा सुळाही पुरतो आणि पोलादी असेल तर बोलायलाच नको. अमेरिकन सरकारला हे कळत नव्हतं असं नाही. १९६८पासून तिथे एक मानक लागू होतं: चाकाच्या झाकणावर किंवा नटावर पंखासारखे बाहेर आलेले भाग नकोत, कारण त्याने पादचारी आणि सायकलस्वार जखमी होतात. नियम चांगला होता. फक्त तो मोटारगाड्यांसाठी होता, ट्रकसाठी नव्हता. म्हणजे शिंगं बकऱ्याची कापायची आणि रेड्याला मोकळं सोडायचं. १९९६मध्ये तोही मागे घेतला गेला. युरोपातल्या मोटारगाड्यांच्या नियमांत मात्र चाकाच्या कडेबाहेर टोकदार काही येता कामा नये हे आजही लिहिलेलं आहे. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम कंपनीने बनवलेल्या गाडीत मन मानेल तसे बदल करू देत नाही, २०१९च्या दुरुस्तीनंतर अशा एकेका बदलाला पाच हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि याच कलमाच्या आधारे केंद्राने २०१७च्या डिसेंबरात गाड्यांच्या पुढचे लोखंडी गार्ड बंद केले. ते आज किती गाड्यांवर आहेत, हे मोजायला घराबाहेर पडायचीही गरज नाही, खिडकी पुरते.

एवढं झाल्यावर सुळ्याला मी निर्दोष सोडणार होतो. पण ट्रकवाल्यांची खरी भांडणं सुळ्याच्या टोकावर होतच नाहीत, ती होतात त्याच्या बुडावर.

नट चाकाला धरून ठेवतो असं आपल्याला वाटतं. खरं म्हणजे नट आवळताना आतला स्टड, म्हणजे नट ज्यावर चढतो तो आट्यांचा दांडा, किंचित ताणला जातो आणि तो ताण चाकाला हबवर दाबून धरतो. सगळा भार त्या दाबावर. मधे गंज, माती किंवा रंगाचा जाड थर राहिला की थोड्या किलोमीटरांत तो चेपतो, ताण सैल पडतो, आणि नट आपल्या मनाने फिरायला मोकळा होतो. अशा वेळी चाक अगदी केसभर हलू लागतं. लोखंड लोखंडावर घासतं, पूड पडते, ती गंजते आणि नटाच्या बुडापासून बाहेरच्या दिशेने एक तांबूस ओघळ उमटतो. तो ओघळ म्हणजे चाकाने दिलेली नोटीस. अमेरिकेतल्या ट्रक ड्रायव्हरला निघण्यापूर्वी ट्रकभोवती फिरून ज्या गोष्टी बघायला शिकवतात, त्यांत हा ओघळ आहे आणि नटाशेजारी उघडी पडलेली चकचकीत आटीही आहे.

आता या नटांवर शंभर चंदेरी टोपणं चढवा. ट्रक झगमगतो. ओघळ दिसत नाही. विक्रेता सांगतो गंज लागत नाही, आणि तपासणारा म्हणतो गंज दिसत नाही. दोघांच्या बोलण्यात एका शब्दाचा फरक आहे आणि त्या फरकात जोडचाक निसटतं. ते वजनाने दीडशे किलोच्या वर भरतं, हायवेच्या वेगाने सुटलेलं असतं आणि उसळ्या मारत समोरच्या लेनमध्ये जातं. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात १९९०च्या दशकात अशा सुटलेल्या चाकांखाली माणसं मेली, तेव्हा १९९७मध्ये तिथे कायदा झाला. ट्रकचं चाक सुटलं की दंड, दोन हजारांपासून पन्नास हजार डॉलरांपर्यंत. आणि ‘आम्ही सगळी काळजी घेतली होती हो’ हा बचाव तिथे ऐकूनच घेत नाहीत. आपल्याकडे हे वाक्य चालेनासं झालं तर अर्धी कोर्टं बंद पडतील.

गंमत म्हणजे याच दुखण्यावरचं औषधही प्लास्टिकचंच निघालं. ब्रिटनमधल्या बस किंवा ट्रकच्या चाकाकडे पाहा. प्रत्येक नटावर एक पिवळा नाहीतर केशरी बाण असतो, शेजारशेजारचे दोन बाण एकमेकांकडे तोंड करून बसवलेले. नट जरा जरी फिरला की बाणाचं तोंड वळतं. नवराबायकोत बिनसलंय हे जसं शेजाऱ्यांना न सांगता कळतं तसं ड्रायव्हरला लांबून, पाना हातात न घेता, कळतं. ब्रेक तापून हब गरम झाला तर तेच बाण वितळून वाकडे होतात आणि तीही बातमी देतात. दिसायला अगदी सामान्य, क्रोम नाही, टोक नाही, दरारा नाही. क्रोम शॉपच्या दर्शनी कपाटात त्याला कोणी जागा देणार नाही. पण चाकावरच्या प्लास्टिकांत पोट भरण्याइतकं काम करणारं तेवढंच.

आपल्याकडे निदान नट झाकायची पद्धत नाही. आपण ते रंगवतो. पेंटरचा ब्रश चाकावरून फिरला की टायर सोडून सगळं लाल-पिवळं. चाक काढलेलं असताना तो हबला टेकणाऱ्या जागेवरही उदारपणे फिरला, तर मघाशी सांगितलेला चेपणारा थर तोच. उलट, नट आवळून झाल्यावर रंगाची एकच रेघ नटावरून चाकावर ओढली तर ती रेघ तुटलेली दिसताच नट फिरल्याचं कळतं. म्हणजे तोच डबा, तोच ब्रश, फक्त पेंटर जरा कंजूष हवा.

आणि मग आपला पंक्चरवाला. अशा ट्रकचा नट साधारण ६१० ते ६८० न्यूटन-मीटर जोराने आवळायचा असतो. शाळेत न्यूटन सोडून आलेल्यांसाठी सांगतो: एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला पासष्ट-सत्तर किलोचा माणूस लोंबकळला की बरोबर तेवढा जोर होतो. हायवेवरच्या टपरीत पान्याला पाइप जोडून त्यावर उभा राहणारा तो पोरगा गणिताच्या फारच जवळ आहे. अडचण अशी की त्याचं मन भरत नाही. ‘एकदा बसला की जन्मात निघणार नाही’ असं म्हणत तो वर दोन उड्या मारतो. स्टड गरजेपेक्षा जास्त ताणला जातो आणि पुढे कधीतरी तुटतो. कमी आवळलेला नट निसटतो, जास्त आवळलेल्याचा स्टड तुटतो. चाक दोन्ही वेळा शेतात सापडतं.

वर्षातून एक दिवस मात्र आपल्या ट्रकची तपासणी कोणत्याही देशाने हेवा करावा अशी होते. खंडेनवमीला, नाहीतर दसऱ्याला, मालक स्वतः खाली बसून चाक धुतो, नटांना हळदकुंकू लावतो, झेंडू वाहतो. हात प्रत्येक नटापर्यंत पोचलेला असतो, मान खाली असते, उजेड असतो, घाई नसते. एवढं सगळं जमून आलेलं असताना माणूस फक्त नमस्कार करून उठतो. ताटात निरांजनाशेजारी एक पाना ठेवायला काय हरकत आहे? खंडेनवमी हत्यारांचीच पूजा आहे, पुरोहितही नाही म्हणणार नाहीत.

तेव्हा शिंगवाल्या ट्रकला घाबरायचं नाही, फक्त त्याच्यापासून लांब राहायचं, जसं बिनशिंगाच्या ट्रकपासूनही राहायचं असतं. आणि एक विनंती ट्रक नसलेल्या वाचकांना. चाक काढून परत बसवलं की थोडं अंतर गाडी चालवून नट पुन्हा एकदा योग्य तेवढेच आवळून घ्यायचे असतात, आणि मोठ्या ट्रकसाठी हे अंतर साधारण ८० ते १६० किलोमीटर सांगतात. तुमच्या मोटारीचं मागचं पंक्चर निघालं त्याला किती किलोमीटर झाले ते आठवून पाहा, आणि आजच पंक्चरवाल्याकडे एक चक्कर मारून या. फक्त त्याला पाइपवर उड्या मारू देऊ नका.